बिरूतात्यांची बिनकडीची खोली

परगावी हॉटेलच्या खोलीत शिरलो, की माझा हात आधी दाराच्या आतल्या कडीकडे जातो. कडी लावतो, दार ओढून पाहतो. ते पक्कं बंद असल्याचं समाधान वाटायला हवं, पण वाटत नाही. उलट कोणाची तरी समजूत न घालता निघून आल्यासारखं मनाला लागून राहतं. आता वयाची पन्नाशी उलटून गेली, तरी हे गेलेलं नाही. याचं कारण बिरूतात्या.

नव्वदच्या दशकात मी जनावरांच्या औषधांचा फिरता विक्रेता होतो. बारामती ते इंदापूर हा माझा पट्टा. बारामतीत बऱ्यापैकी लॉज होते. इंदापूरच्या बाजूला माझ्या ऐपतीचे जे होते, त्यांच्या खाली परमिट रूम आणि वर ढेकूण. म्हणून बियाणं, पंप, ठिबकच्या नळ्या विकत हिंडणारी आम्ही माणसं एकमेकांना घरं सांगत असू. अमक्या फाट्याला उतरा, तमक्याकडे पडवीलगत खोली आहे, रात्री भाकरी-कालवण आणि सकाळी अंघोळीला गरम पाणी मिळेल. पाटी कुठेच नसे. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी, एवढ्यावर ही घरं चालत.

बिरूतात्यांचं घर अंथुर्ण्याच्या अलीकडे, कालव्याकाठच्या वस्तीवर होतं. तात्या धनगर. वडलांपर्यंत मेंढरं होती. कालव्याचं पाणी मिळालं तशी मेंढरं गेली आणि ऊस आला. बायको वारलेली, एकुलता मुलगा दत्तू पिंपरीला कारखान्यात. दत्तूने बांधलेल्या पक्क्या घरात तात्या एकटे राहत आणि समोरच्या घरातली त्यांची भावजय सोनाबाई दोन वेळची भाकरी करून पाठवी.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तात्या ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. उंच, वाळलेला देह, डोक्याला लाल पटका आणि भर वैशाखात खांद्यावर घोंगडी. माझ्याबरोबर पंपांचा एक विक्रेता होता. तात्यांनी आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच.

"कशाकशाला भेता?" त्यांनी विचारलं.

पंपवाला हसला. "आम्ही फिरतीची माणसं, तात्या. आम्ही कशालाच भीत नाही."

"मग तुमाला घर कशाला पायजेल? फाट्यावर पडा की." आणि माझ्याकडे वळून, "तुमी वं?"

मी भीतभीतच म्हणालो, "कुत्र्याला भितो."

"जनावराचं औषीद इकता आन कुत्र्याला भेता?"

"हो."

"आजून?"

"विजेला. आणि आमच्या साहेबांना."

"या आत," तात्या म्हणाले. पंपवाल्याला खरोखरच फाट्यावर परत जावं लागलं. मी त्याच्यासाठी रदबदली केली नाही. मला खोली मिळाली होती.

पुढे ओळख वाढल्यावर मी या प्रश्नाचं कारण विचारलं. तात्या म्हणाले, "वाड्यात भेकड कुत्रं चांगलं. पान हाललं तरी भुकतंय. ज्याला भ्याच न्हाय त्यो घोरत पडतो, आन लांडगा कोकरू घिऊन जातो." वाडा म्हणजे रानात मेंढरं बसवायची जागा, मेंढरं मधे आणि माणसं-कुत्री भोवतीनं.

भिण्याच्या बाबतीत तात्या स्वतः पहिल्या नंबरचे होते. दत्तूने आणून दिलेल्या गॅसच्या शेगडीवर त्यांनी पोतं टाकून ठेवलं होतं आणि तिच्यासमोरून जाताना ते निजलेल्या जनावरापाशी चालावं तसे पाय उचलत. दुकानातल्या फोनवर दत्तूशी बोलताना रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरत, त्यामुळे बाप-लेकाचं बोलणं सगळ्या दुकानाला ऐकू जाई. कालव्याच्या रस्त्याने ते कालव्याच्या अंगाने चालत नसत, कारण पाण्याची भीती. उसाच्या अंगानेही नाही, कारण आतल्या सळसळीची भीती. म्हणून ते अगदी मधोमध चालत. मागून उसाचा ट्रक आला आणि ड्रायव्हरने कितीही हॉर्न वाजवला, तरी ते कोणत्या बाजूला सरावं याचा विचार करीत उभे राहत. शेवटी ट्रकच थांबे. सोनाबाई पदर तोंडाशी धरून म्हणे, "भाऊजी, तुमच्यापायी कारखान्याचं गाळप बंद पडंल एक दिवस."

या माणसाला एकट्या घराची भीती वाटे, म्हणून तो परक्यांना ठेवून घेई. आणि परक्यांचीही भीती वाटे, म्हणून त्यांच्या खोलीला आतून कडी ठेवत नसे. ती त्यांनी स्वतः काढून टाकली होती. चौकटीतल्या स्क्रूच्या भोकांत चुना भरला होता. मी एकदा दबकत तक्रार केली, की औषधांची पेटी असते, दार नुसतं लोटून झोप लागत नाही. ते म्हणाले, "कोंडून घेटल्याल्या मानसाला हाक घालून काय उपेग? त्यो आत आन आपुन भायेर. येळ आली तर दार फोडंस्तवर काय व्हायाचं ऱ्हातंय?"

आणि हाक तर ते रोज घालीत. जेवणं झाली, दिवा मालवला, की ओसरीवरून त्यांचा घोगरा आवाज येई, "हाय का?"

पाहुण्याने आतून म्हणायचं, "हाय."

एवढंच. मेंढरांच्या वाड्यातली ही जुनी रीत. अंधार पडला की सर्वांत वडील माणूस हाक घाली आणि भोवतीनं पसरलेली माणसं आपापल्या जागेवरून ओ देत. कोणी डोकी मोजत नसे. आवाज ओळखीचे असत. ज्याने ओ दिली तो वाड्यातला. रस्ता चुकून आलेला वाटसरू असला, तरी त्या रात्रीपुरता तो वाड्यातला, आणि त्याचं बरंवाईट सगळ्यांवर. जाताना तसंच. 'निघालो' म्हणायचं, आणि आतून 'या' आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

सुरुवातीला मला याचं हसू येई. बारामतीच्या कचेरीत मी तात्यांची नक्कल करून दाखवीत असे. ती मी कोणत्या दिवसापासून बंद केली, ते मला आठवतं. त्या सकाळी आम्ही चहा पीत होतो आणि मी सहज विचारलं, की कधी एखाद्याने ओ दिलीच नाही तर?

तात्यांनी बशी खाली ठेवली. "दिली न्हवती येकदा. नीरेच्या कडंला वाडा हुता. माझा समद्यात धाकटा भाऊ. आबानं, आमच्या बापानं, हाक घाटली, सगळी बोलली, त्यो न्हाय बोलला. आबा म्हनलं, झोपला आसंल." त्यांनी बशीतला चहा अंगणात ओतून टाकला. "सकाळी घोंगडं तेवढं हुतं. नदीला पानी आल्यालं रातीत."



अशा माणसाकडून एक पाहुणा न सांगता निघून गेला, तर काय व्हावं? बियाण्याचा एक तरुण विक्रेता पहाटेची एस.टी. पकडायला चोरपावलांनी निघून गेला. बिचाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याची झोपमोड कशाला करा. मी त्या दिवशी सकाळी वस्तीवर पोचलो, तर कालव्याच्या दोन्ही कडांना माणसं, आणि मधे चौघे जण बांबूंनी पाणी ढवळताहेत. तात्या रस्त्याच्या मधोमध उभे. पटका सुटून गळ्यात आला आहे, आणि एकच शब्द: "बघा. खाली बघा." विहिरीत गळ टाकून झाला होता. दुपारी कोणीतरी बातमी आणली, की पाहुणे इंदापूरच्या स्टँडवर भजी खाताना दिसले. वस्ती पोट धरून हसली. सोनाबाईचा थोरला मुलगा मारुती, जो सर्वांत आधी पाण्यात उतरला होता, ओल्या कपड्यांनी ओरडला, "तात्या, पुढच्या पावन्याच्या गळ्यात घंटी बांधा, मेंढीवानी!"

तात्याही हसले. पण खोलीत जाऊन त्यांनी त्या पाहुण्याची चादर तीन वेळा उलगडून पुन्हा घडी केली, ते मी पाहिलं.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या पट्ट्यात चोरांची हूल उठली. दिवसा एखादा परका येतो, घरं हेरून जातो, आणि दिवेलागणीला टोळी येते, असं जो तो सांगे. आज या गावाला, उद्या त्या गावाला. प्रत्यक्ष पाहिलेला कोणी मला भेटला नाही. पण ऐकलेलं नाही, असाही कोणी नव्हता. संध्याकाळ झाली की वस्त्यावस्त्यांवर काठ्या घेऊन माणसं बसू लागली. अनोळखी माणसाला थांबवून विचारपूस होऊ लागली, आणि विचारपुशीच्या आधी हात पडू लागले. मी माझी औषधांची पेटी उघडी धरूनच गावात शिरत असे.

अशात तात्यांच्या खोलीत सेल्वम होता.

सेल्वम बोअरच्या गाडीवरचा तमिळ मजूर. गाडी करमाळ्याकडे जायला निघाली आणि हा तापाने फणफणला, म्हणून त्याच्या माणसांनी त्याला तात्यांकडे ठेवलं; चार-सहा दिवसांत येऊन नेऊ म्हणाले. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. 'कशाला भेता' हा प्रश्न त्याला तात्यांनी कसा विचारला असेल, देव जाणे. पण हाक त्याला पहिल्याच रात्री शिकवली होती. छातीवर हात ठेवून 'हाय' म्हणायचं. त्याला येणारा मराठी शब्द तेवढा एकच.

त्या संध्याकाळी मीही तिथेच होतो. नेमकी वीज गेलेली. तात्या आणि मी ओसरीवर, सेल्वम आत घोंगडीखाली. कालव्याच्या रस्त्यावर बॅटऱ्यांचे उजेड दिसू लागले. आधी दोन-तीन, मग पुष्कळ. कोणी बोलत नव्हतं. बोलत असते तर इतकं भय वाटलं नसतं. नुसते पायांचे आवाज आणि काठ्या दगडांवर आपटल्याचे.

अंगणात येऊन ते थांबले. पुढे मारुती होता.

"तात्या, आत कोन हाय?"

"पावना हाय."

"कुठला?"

"लांबचा."

"त्यो हेरायला आलाय. दोन दिस झालं, भायेर येत न्हाय. तोंड दावत न्हाय."

"ताप हाय त्याला, मारुती."

"मग भायेर आना. आमी इचारतो फकस्त."

मागून एक जण म्हणाला, "इचारायचं काय त्यात? वडा भायेर." आणि गर्दी एक पाऊल पुढे सरकली.

मी तात्यांकडे पाहिलं. काठी दोन्ही हातांनी धरून ते उभे राहिले होते, पण काठीच हलत होती. मला वाटलं, हा माणूस आता बाजूला होणार. शेगडीला भिणारा माणूस तीस-चाळीस काठ्यांपुढे कसा टिकेल? आणि माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात, त्यांनी बाजूला व्हावं म्हणजे हे एकदाचं संपेल, असंही येऊन गेलं.

"मारुती," तात्या म्हणाले, "मला लय भ्या वाटतंय."

"म्हनून तर म्हंतो, सरका तुमी."

"तुमचं भ्या वाटतंय रं. हातात काय हाय तुमच्या बघा. आन तुमाला त्याचं वाटतंय. त्याला समद्यांचं." त्यांचा आवाज फुटला. मग त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. शेवटचा उजेड गेला होता. "थांबा वाईच. हाकंची येळ झाली."

कोणाला काही कळायच्या आत त्यांनी गर्दीकडे पाठ केली, खोलीच्या लोटलेल्या दाराकडे तोंड केलं आणि नेहमीची हाक घातली.

"हाय का?"

आतून काही आलं नाही.

काठ्या उचलल्या जाण्याची सळसळ मला ऐकू आली. सेल्वम तापाच्या ग्लानीत असेल, हे मला माहीत होतं. ओ आली नाही, तर आत आहे तो माणूस कोणाचाच नाही. दाराला कडी नव्हती. नुसतं ढकलायचं होतं.

"हाय का?" तात्यांनी पुन्हा हाक घातली. या वेळी ती हाक नव्हती, गयावया होती.

घोंगडी सरकली. खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला, "हाय."

तात्यांनी मान माझ्याकडे वळवली. मी म्हणालो, "हाय." आजारी परक्या माणसाने ओ दिल्यावर माझी आली. हा क्रम मी पुढे कितीतरी वेळा मनाशी तपासून पाहिला आहे.

आणि मग जे घडलं, त्याची अपेक्षा तात्यांनाही नसावी. गर्दीच्या मागच्या बाजूने एक म्हातारा आवाज आला, "हाय." वस्तीवरचे सर्वांत जुने मेंढके होते ते. त्यांनी ठरवून म्हटलं नसणार. जन्मभर अंधारात ती हाक ऐकून जी ओ दिली, ती तोंडातून आपोआप बाहेर पडली. त्यांच्या शेजारचा म्हणाला, "हाय." मग आणखी एक. ज्यांचे बाप मेंढरांमागे हिंडले होते, ती सगळी माणसं हातात काठ्या धरूनच एकामागून एक बोलत गेली. बॅटऱ्या खाली झुकल्या.

मारुती गप्प होता.

तात्या ओसरीच्या कडेपर्यंत आले. "मारुती, तू न्हाय बोललास."

"तात्या, आवं पर त्यो..."

"मारुती. हाय का?"

तो खाली मान घालून उभा राहिला. नीरेकाठच्या त्या घोंगड्याची गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असणार, त्यालाही होती.

"हाय की," तो म्हणाला, आणि काठी भिंतीला टेकवून तिथेच खाली बसला.

बाकीचेही बसले. कोणी घरी गेलं नाही. भीती गेली होती असं नव्हे. चोर येतील, हे सगळ्यांच्या मनात तसंच होतं. पण आता सेल्वम आतला होता आणि चोर बाहेरचे. सोनाबाईने अंधारात चहा केला. मारुतीनेच एक कप आत नेऊन दिला. तात्या मात्र परसात जाऊन ओकले, आणि मग दोन दिवस त्यांनाच ताप होता. बोअरची गाडी परत आली, तेव्हा सेल्वम त्यांच्या उशाशी बसलेला होता. जाताना तो दारात अडखळला. त्याला दुसरा शब्द येत नव्हता, म्हणून त्याने छातीवर हात ठेवून तोच म्हटला. तात्या अंथरुणातून म्हणाले, "या."

ही हकीकत पिंपरीला दत्तूच्या कानी गेली. तो रविवारी आला, खोलीच्या दाराला नवी कोरी कडी ठोकली आणि पाहुणे बंद म्हणून सांगून गेला. त्याचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. मुलाने दुसरं काय करावं? माझ्यासारखा एखादा जुना माणूस चोरून जाई, तेवढाच. पण फिरतीवरच्या लोकांमध्ये त्या घराचं नाव निघेनासं झालं. हळूहळू तात्यांच्या हाकेला समोरून सोनाबाई आपल्या घरातूनच ओ देऊ लागली, आणि कधी कधी तीही लवकर झोपे.

शेवटी डोळ्याला मोतीबिंदू आला. बारामतीला शस्त्रक्रिया आणि तिथून परस्पर पिंपरी, असं ठरलं. घराला कुलूप. आदल्या दिवशी दत्तूला सुटी नव्हती, म्हणून तात्यांना मुक्कामाला आणण्याचं काम माझ्याकडे आलं. लॉजमध्ये दोन खाटांची खोली शिल्लक नव्हती. शेजारशेजारच्या दोन मिळाल्या. तात्या आयुष्यात पहिल्यांदाच पैसे देऊन परक्या छताखाली झोपणार होते. खोलीत आल्यावर त्यांनी दाराची कडी पाहिली, सरकवून पाहिली.

"हिचं काय करत्यात?"

"लावतात, तात्या. आतून."

"समदीच?"

"सगळेच."

ते खाटेच्या कडेवर बसले. लांब व्हरांड्यात दोन्ही बाजूंना बंद दारं होती. "केवढी मानसं येका छपराखाली," ते पुटपुटले, "आन कुनाचं कुनाला ठावं न्हाय." त्यांच्या चेहऱ्यावर मी ओसरीवरच्या त्या संध्याकाळचं भय पुन्हा पाहिलं.

मी माझ्या खोलीत गेलो. कडी लावली नाही. दिवा मालवला, आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"हाय का?"

"हाय, तात्या."

व्हरांड्यापलीकडच्या दारामागून कोणीतरी खेकसलं, "अहो, झोपू द्या की!"

मग तात्यांचा समाधानी आवाज, "तिसरा बी हाय."

सकाळी दत्तू आला. खाली जीप उभी होती. तात्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली, व्हरांड्यात आले, आणि त्या खेकसणाऱ्या पाहुण्याच्या बंद दारासमोर थांबले.

"निघालो म्या."

आतून काही नाही.

"तात्या, चला, डॉक्टर थांबत्याल का?" दत्तू म्हणाला.

तात्या हलले नाहीत. "निघालो म्या, पावनं."

मला लाज वाटली, आणि तो माणूस चिडून बाहेर आला तर काय, म्हणून भीतीही. एवढ्यात आत कडी सरकल्याचा आवाज झाला. दार चार बोटं उघडलं. विस्कटलेल्या केसांचा एक अनोळखी माणूस डोळे चोळत उभा होता. त्याने पटका पाहिला, घोंगडी पाहिली, तो पांढुरका झालेला डोळा पाहिला.

"या, आजोबा," तो म्हणाला.

तात्यांनी मान डोलावली आणि जिना उतरू लागले. दत्तूने हात पुढे केला होता, पण तो न धरता, ना कठड्याच्या बाजूने ना भिंतीच्या बाजूने, अगदी मधोमध.